रोजची दहा वाक्यं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बोलका आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी तिचा सव्वीस वर्षं हेवा केला. ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी आहे, तिचं घर मोठं आहे, तिच्या स्वयंपाकघरात सकाळभर ऊन येतं. त्यातल्या कशानेही माझ्या पोटात कधी दुखलं नाही. पण जेवताना तिचा नवरा "आज काय गंमत झाली माहितेय का" म्हणून सुरू झाला, की मी हातातला घास तसाच धरून ठेवायची. मी शेजारी बघायची. शेजारी आमचे हे बसलेले असायचे. ताटाकडे बघत, शिस्तीत जेवत.

आमचे हे पुस्तकं बांधतात. सुटलेली, फाटलेली, उंदरांनी कुरतडलेली, पोरांनी पानं उपटलेली पुस्तकं लोक पिशवीत घालून आणतात. हे ती पुन्हा शिवून, पाठ चिकटवून, नवा पुठ्ठा चढवून परत देतात. शिवाय कोर्टाची आणि शाळांची कोरी रजिस्टरं असतात, त्यांच्या कागदांना घड्या घालायचं काम माझं. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून लांब टेबल, मागच्या खोलीत कागद कापायचं यंत्र आणि लोखंडी शिकंजा, ज्यात खळ लावलेली पुस्तकं दाबून ठेवतात. वर आम्ही राहतो. जिना इतका अरुंद आहे की दोघं एकदम चढलो तर एकाला भिंतीला अंग घासावं लागतं.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात हे माझ्याशी काय बोलले ते मी अजून शब्दन् शब्द सांगू शकते, कारण फार नव्हतंच. चौथ्या दिवशी मी खाली दुकानात गेले आणि म्हटलं, मलाही काहीतरी काम द्या. यांनी मान हलवली, एक स्टूल ओढलं आणि टेबलाच्या पलीकडे, स्वतःच्या बरोबर समोर ठेवलं. स्टूल उंच होतं. माझे पाय लोंबकळत होते आणि वाकून वाकून पाठीला रग लागली. नवी होते, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले तर स्टूल अगदी माझ्या मापाचं. यांनी त्याचे चारही पाय दोन-दोन बोटं कापले होते. एक पाय किंचित जास्त गेला होता, त्याच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून टाकला होता.

"तुम्ही केलंत?" मी विचारलं.

"हं."

संपलं. धाकटीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने काय विचारावं? "पण ते बोलले काय?"

यांच्या हातात कायम हाडाची एक चपटी पट्टी असते. कागदाची घडी बसवायला ती लागते. त्या पट्टीने हे टेबलावर ठकठक करून मला काय हवं ते कळवायचे. एक ठक म्हणजे खळीची वाटी सरकव. दोन ठक म्हणजे दोऱ्याचं टोक धर. दुपारी चारच्या सुमाराला, टेबलाच्या निम्म्यापर्यंत ऊन आलं की कधीकधी तीन ठक यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी खळ सरकवली. नको. दोरा पुढे केला. नको. वैतागून वर पाहिलं आणि म्हटलं, "मग हवंय तरी काय?"

यांचे कान लाल झाले होते. "उगाच," म्हणाले आणि पुन्हा सुई ओवायला लागले.

मी वर बघावं, एवढंच हवं होतं यांना. ते मला कळलं नाही अशातला भाग नाही. कळलं, आणि बरेच दिवस गोडही वाटलं. पण माणसाला बहिणी असतात. बहिणींना नवरे असतात. आणि ते नवरे चारचौघांत बायकोचं कौतुक करतात, तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

धाकटीच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात रेडिओ म्हणते. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. जेवणं झाली, हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि कुणीतरी यांना विचारलं, "तुमचं काय चाललंय?" हे म्हणाले, "चाललंय." मग रेडिओने हात उंचावून जाहीर केलं, "आमचे साडू म्हणजे पुठ्ठा! जाड, सरळ आणि दोन्ही बाजूंनी कोरा!" सगळे लोळायचे बाकी राहिले. हेसुद्धा हसले. मला त्याचाच जास्त राग आला. धाकटी तोंडावर हात धरून हसत होती आणि हसता हसता माझ्याकडे असं बघत होती की जणू माझी कीव येतेय. त्या बघण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी पोचल्या पोचल्या मी म्हटलं, "उद्यापासून रोज दहा वाक्यं."

यांनी बुटाची नाडी सोडता सोडता वर पाहिलं.

"दुकान बंद करून वर आलात की चहा घेताना माझ्याशी दहा वाक्यं बोलायची. 'हो', 'नाही', 'हं' धरणार नाही. ठकठक तर मुळीच धरणार नाही. काय ते तोंडाने बोलायचं."

"कशाबद्दल?"

"प्रश्नही धरणार नाही."

मी हे यांच्या भल्यासाठीच करत होते. माणसाने मोकळं व्हावं, चारचौघांत मान वर करून बसावं, कुणी पुठ्ठा म्हणू नये. हे मी यांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. धाकटीचं तोंड बंद व्हावं हेही मनात होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

पहिले काही दिवस फार करमणुकीचे गेले. हे चहाचा कप दोन्ही हातांत धरून, फळ्यासमोर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखे बसायचे. "आज नऊ पुस्तकं झाली. खळ पातळ झाली होती. एक सुई वाकली. दुसरी घेतली. ती बरी आहे." मी बोटं मोजायची. पाच झाली की यांचा धीर सुटायचा आणि हे खिडकीबाहेर बघून "समोरच्यांचं दार हिरवं आहे" वगैरे भर घालायचे. मी म्हटलं, असं नाही चालणार. दुकानाचं नको, दारं-खिडक्या नकोत. माणसांचं काहीतरी सांगा.

मला यांचा स्वभाव ठाऊक असायला हवा होता. या माणसाने आयुष्यात एकही ऑर्डर अर्धवट ठेवलेली नाही. मी माणसांची दहा वाक्यं मागितली, तर हे माणसांकडून ती गोळा करायला लागले. गिऱ्हाईक आलं की पूर्वी हे पुस्तक हातात घ्यायचे, पाठ उलटून बघायचे आणि "मंगळवारी" म्हणायचे. आता विचारायला लागले, "हे पुस्तक कुणाचं? फाटलं कसं?" बस, एवढं विचारायचा अवकाश. लोक भडाभडा बोलायचे. सुटलेलं पुस्तक घेऊन आलेल्या माणसाकडे सांगायला इतकं काही असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. कापलेल्या कागदांची कात्रणं पडलेली असतात, त्यातली एखादी पट्टी घेऊन हे दोन शब्द टिपून ठेवायचे आणि शर्टाच्या खिशात घालायचे. संध्याकाळी खिशातून चार-पाच पट्ट्या निघायच्या. "कोर्टातला कारकून, जावई, कुत्रा," असं एका पट्टीवर असायचं आणि त्याची हे बारा वाक्यं करायचे.

काय सांगू, ते तीन-चार महिने मी हवेत होते. त्या कारकुनाचा कुत्रा जावयाला घरात शिरू देत नाही, आणि सासरा कुत्र्याची बाजू घेतो, ही गोष्ट यांनी इतकी ठसक्यात सांगितली की माझ्या हातातला चहा सांडला. मी धाकटीला फोन करून ती जशीच्या तशी ऐकवली. "हे भावजींनी सांगितलं?" ती म्हणाली. "मग!" मी म्हटलं. पलीकडे जरा शांतता झाली. ती शांतता मी पुढे आठवडाभर पुरवून पुरवून वापरली.

मग माझ्या लक्षात आलं की गोष्टी माझ्यापर्यंत शिळ्या होऊन येतात. कारकुनाची गोष्ट हे आधी नकाशे बांधायला आलेल्या माणसाला सांगायचे, मग औषधांच्या दुकानातल्या बाईला, आणि मी तिथेच समोर घड्या घालत बसलेली असायची. संध्याकाळपर्यंत तीच गोष्ट मी तीनदा ऐकलेली असायची. ताज्या गोष्टी लोकांना, उरलंसुरलं मला. एका संध्याकाळी चहा झाला, कप रिकामा झाला, आणि यांनी काहीच सुरू केलं नाही.

"आज वाक्यं?" मी आठवण केली.

"अगं, आज इतकं बोललो की घसा बसला. दहा तर केव्हाच होऊन गेली."

"माझ्याशी नाही झाली."

"तू तिथेच तर होतीस. ऐकलंस ना सगळं?"

ऐकलं होतं. नियम मीच केला होता आणि त्यात "फक्त माझ्याशी" हे कलम पुरेसं घट्ट शिवायचं राहून गेलं होतं.

ठकठक तर कधीच बंद झाली होती. आता हे तोंडाने म्हणायचे, "जरा खळ दे गं," आणि त्याच सुरात गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा ती पिशवी द्या." चार वाजता ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत यायचं. मी मान खाली घालून घड्या घालायची आणि कान तिकडे ठेवायची. काही यायचं नाही. हे कुणालातरी काहीतरी विचारत असायचे.

आणि मग त्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, चांगल्या उंच, साखळीला अडकवलेला चष्मा गळ्यात. त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या सात वह्या होत्या, सगळ्यांची शिवण उसवलेली. सातही एका पिशवीत मावल्या असत्या, एका हेलपाट्यात काम झालं असतं. पण बाई एकेक आणायच्या. एक वही द्यायला यायच्या, पाहायला यायच्या, न्यायला यायच्या, आणि नेताना सांगायच्या की आता पुढची आणते.

"तुम्ही किती छान ऐकता हो," त्या यांना म्हणाल्या.

ऐकता! मी या माणसासमोर सव्वीस वर्षं बोलत होते. हे मान खाली घालून शिवायचे आणि सगळं ऐकायचे, याचं कौतुक करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वह्यांत काय होतं म्हणाल, तर हवा आणि बाग. "आज वारा. टोमॅटोला फुलं आली." "ऊन कडक. पाइप गळतोय." दिवसाला दोन ओळींच्या वर हा गृहस्थ गेलेला नाही. म्हणजे तोही माझ्या नियमात बसला नसता. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा खोचकपणेच. बाईंना काही लागलं नाही. वहीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बाबा फारसे बोलायचेच नाहीत. पण या दोन ओळींत ते पुरे आहेत. मला याहून जास्त नकोच आहे."

मला त्या बाईचा राग आला. त्या कुणाच्या वाईटावर नव्हत्या, यांच्याही मनात काही नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होते आणि आजही शपथेवर सांगेन. पण हेवा असले कागद तपासत बसत नाही. त्या हसल्या की मला वाटायचं, हे हसू माझ्या वाट्याचं होतं. हे त्यांना काही विचारायचे तेव्हा मी मोजायची. एक, दोन, तीन, चार. दहा कधी ओलांडली जायची ते कळायचंही नाही.

रेडिओचा पुढचा वाढदिवस आला. या वेळी मी नवी साडी नेसून, मान ताठ करून गेले. जेवताना यांनी कारकुनाचा कुत्रा सांगितला, औषधवाल्या बाईंची सासू सांगितली, लोक हसून बेजार झाले. रेडिओला मध्ये तोंड घालायला फट मिळेना. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, मी तो पोटभर बघून घेतला. मग कुणीतरी म्हणालं, "पूर्वी का नाही हो बोलायचात?"

हे म्हणाले, "पूर्वी मी ठोकायचो." आणि यांनी सांगायला सुरुवात केली. एक ठक म्हणजे खळ, दोन ठक म्हणजे दोरा. चमचा घेऊन टेबलावर करूनही दाखवलं. मी टेबलाखालून यांचा पाय दाबला. यांना वाटलं मी दाद देतेय. "आणि तीन ठक म्हणजे काय, ओळखा!" यांनी सगळ्यांकडे बघितलं. "उगाच! ही वर बघावी म्हणून! आणि ही बिचारी खळ देतेय, दोरा देतेय!"

टेबल हादरेपर्यंत सगळे हसले. रेडिओला आता खेळ सापडला. मीठ हवं असलं तरी तीन ठक, पाणी हवं असलं तरी तीन ठक. त्याची मुलं, पाहुणे, सगळे चमचे घेऊन ठोकायला लागले. मी पण हसले. न हसून सांगते कुणाला? मी जन्मात धाकटीलाही न सांगितलेली एकच गोष्ट होती, ती ताटांमधून फिरत होती.

नंतर स्वयंपाकघरात धाकटी ताटं विसळत होती आणि मी पुसत होते. मग ती मागे न वळता म्हणाली, "तू मला हे कधी सांगितलं नाहीस, ताई."

"काय?"

"तीन ठकचं. आमचे हे सव्वीस वर्षं बोलतायत. त्यातलं नुसतं माझ्यासाठी काय होतं ते मी आत्ता आठवून बघत होते." तिने नळ बंद केला. "नशीबवान आहेस."

तिच्या आवाजात काय होतं ते मी ताबडतोब ओळखलं. इतकी वर्षं बाळगलेली वस्तू माणूस अंधारातही ओळखतो. ती माझा हेवा करत होती. आणि ज्याचा करत होती ते माझ्याकडे राहिलं नव्हतं, हे तिला सांगायची मला लाज वाटली. मी ताट पुसत राहिले.

त्यानंतर आठवड्याभरात स्टूल माझ्या हातून गेलं. दुकानात हल्ली लोक रेंगाळायचे, दोघं-तिघं एका वेळी उभी असायची. सकाळी हे मला म्हणाले, "अगं, तू घड्या मागच्या खोलीत घालशील का? तिथे मोठं मेज रिकामं आहे, तुला ऐसपैस होईल. इथे माणसांना टेकायला जागा हवी." फार गोड बोलले. चांगली सलग तीन वाक्यं होती. पूर्वी असतं तर मी धाकटीला फोन करून ऐकवली असती.

मागच्या खोलीतून दाराच्या फटीतून टेबल दिसतं. दुपारी बाई चौथी वही घेऊन आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. स्टूल त्यांना बुटकं. गुडघे हनुवटीपाशी आले. बाई म्हणाल्या, "इतकं ठेंगणं कसं हो हे?" हे म्हणाले, "त्याची एक गंमतच आहे." आणि दोन-दोन बोटं, चार पाय, खालचा पुठ्ठा, सगळं सांगितलं. मला जे एका "हं"मध्ये मिळालं होतं ते बाईंना पंधरा वाक्यांत मिळालं. मी शिकंज्याचा दांडा इतका आवळला की आतल्या रजिस्टरचा पुठ्ठा वाकला.

मग मी अबोला धरला. भांडायचं नाही, रुसायचं नाही, नुसतं बोलायचंच नाही, बघू कधी लक्षात येतंय. पूर्वी मी जरा गप्प झाले तर हे सुई थांबवून बघायचे. आता पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. हे वर यायचे, दिवसभराच्या बोलण्याने दमलेले, चहा घ्यायचे, पाय पसरून डोळे मिटायचे. आठव्या दिवशी यांना कळलं. यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे खरोखर काळजीने पाहिलं.

"तू हल्ली फार गप्प असतेस," हे म्हणाले. "असं बरं नाही. माणसाने मोकळं व्हावं."

मी यांच्याकडे बघतच राहिले.

"एक सुचवू? मला किती फरक पडला बघतेस ना? तूही कर. रोज दहा वाक्यं." यांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं. कागदाच्या पट्ट्या होत्या, सारख्या मापाच्या, कडेला दोन टाके घालून नीट शिवलेल्या. "विषय सुचला की यावर टिपून ठेवायचा. मग सोपं जातं."

खास माझ्यासाठी शिवल्या होत्या. टाके इतके बारीक होते की रडूच आलं असतं. यांना यात थट्टा करायची नव्हती, सूड उगवायचा नव्हता. हे माझं भलं करत होते, मी केलं होतं अगदी तसंच. नको म्हणायला मला तोंड कुठे होतं?

तेव्हापासून मी रोज दहा वाक्यं बोलते. "आज सत्तर घड्या झाल्या. खळ घट्ट होती. यंत्राचं पातं धरत नाही." हे मान हलवून बोटं मोजतात आणि म्हणतात, "छान. पण दुकानाचं नको. माणसांचं काहीतरी सांग." मागच्या खोलीत माणसं कुठून आणू? संध्याकाळी यांना कंटाळा येतो म्हणून हल्ली माझी वाक्यं दुपारीच उरकून घ्यायची ठरली आहेत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

काल बाई सातवी वही न्यायला आल्या. चार वाजले होते, ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. मी घातलेल्या घड्यांचा गठ्ठा घेऊन पुढे गेले. बाई स्टुलावर होत्या, म्हणून टेबलाच्या कडेशी उभी राहिले.

"आज किती झाली गं?" यांनी विचारलं.

"नऊ."

"म्हणजे एक राहिलं. बोल." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "खूप सुधारणा आहे हां."

"मग दहावं ऐकूनच जाते," बाई कौतुकाने म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, शाळेत तोंडी परीक्षा घेताना चढवत असतील तसा.

मी गठ्ठा खाली ठेवला. हाडाची पट्टी यांच्या हाताशी पडली होती, ती उचलली. आणि टेबलावर तीन ठक दिल्या.

यांनी वर पाहिलं. मी यांच्या कानांकडे बघत होते. दोन्ही कान होते तसेच राहिले. मग यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, मोठं, मोकळं, दिलखुलास, मी मागून घेतलं होतं तसलं.

"अहं," हे मान हलवत म्हणाले. "ठकठक धरत नाही."

बाई खुदकन हसल्या. "नियम तुमचाच ना हो!"

माझाच. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. बाई, माझ्या स्टुलावरून उठा. पाच शब्दही नव्हते. सव्वीस वर्षं आणि वर एक वर्ष लागलं होतं ते तयार व्हायला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, किती प्रेमाने बघत होते.

"खळ संपलीय," मी म्हटलं.

"झाली दहा!" हे म्हणाले आणि स्वतःसमोरची खळीची वाटी माझ्याकडे सरकवली. ती घेऊन मी मागच्या खोलीत गेले. तिथे मेजावर माझी वाटी काठोकाठ भरलेली होती, सकाळी यांनीच भरून ठेवलेली. ही दुसरी मी तिच्या शेजारी ठेवली. पुढच्या खोलीत हे बाईंना विचारत होते की सात झाल्या, आता पुढे काय आणणार.